खरखरीतले छत्तीस बिट

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ४३३ मेगाहर्ट्झची ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी शंभर रुपयांच्या आगेमागे मिळते. रिसीव्हरला पाच व्होल्टचा पुरवठा द्यावा, त्याची ‘डेटा’ लिहिलेली पिन ऑसिलोस्कोपला जोडावी आणि ट्रान्समीटरला हातही लावू नये. पडद्यावर सपाट रेघ दिसेल अशी अपेक्षा असते. दिसते ती पल्सची झुंबड: काही आखूड, काही लांब, कशाचाच कशाला मेळ नाही. आसपास कुणी काहीही पाठवत नसताना हा रिसीव्हर सेकंदाला हजारो वेळा वर-खाली होत राहतो. नव्याने हात घालणारे पुष्कळ जण इथेच मॉड्यूल बिघडलंय असं समजतात आणि ते बदलून आणतात. नवीन मॉड्यूलही तेच करतं.

मॉड्यूल धड असतं. गप्प बसणं त्याच्या रचनेतच नाही. या प्रकरणात आपण पाहणार आहोत ते असं की, त्या अखंड खरखरीतून खरा संदेश वेचण्याचं काम अवघी २ किलोबाइट रॅम असलेल्या मायक्रोकंट्रोलरला कसं जमतं. उदाहरण घेऊ बाल्कनीत टांगायच्या, तापमान आणि आर्द्रता पाठवणाऱ्या बिनतारी सेन्सरचं. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल: स्वस्त रिसीव्हरमध्ये ऐकण्याची ताकद जेवढी महत्त्वाची, त्याहून काय ऐकायचं आहे हे आधीपासून माहीत असणं महत्त्वाचं.

आधी या खरखरीचं मूळ पाहू. या मॉड्यूलच्या आतलं सर्किट सुपर-रीजनरेटिव्ह जातीचं आहे. ही कल्पना अमेरिकेतल्या एडविन आर्मस्ट्राँग यांची, १९२२ सालची. तेव्हा व्हॅक्यूम ट्यूब महाग होत्या, आणि एकाच ट्यूबमधून प्रचंड वर्धन कसं मिळवायचं हा प्रश्न होता. आर्मस्ट्राँग यांचं उत्तर असं: एक ऑसिलेटर दोलन सुरू होण्याच्या अगदी उंबरठ्यावर ठेवायचा. त्याचं दोलन वाढू द्यायचं, मग मुद्दाम तोडायचं, पुन्हा वाढू द्यायचं, आणि हे सेकंदाला हजारो वेळा करायचं. दर खेपेला दोलन शून्यातून उगवत नाही. त्या क्षणी सर्किटमध्ये जे काही किंचितसं असेल त्याच्या आधाराने ते उगवतं. अँटेनाकडून योग्य कंप्रतेचा सिग्नल आलेला असेल तर दोलन लवकर भरतं, नसेल तर उशिरा. हा लवकर-उशिराचा फरक मोजला की सिग्नल पकडला. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे रडारला कळवणाऱ्या ब्रिटिश ‘आयएफएफ मार्क ३’ यंत्रणेत याच पद्धतीचा रिसीव्हर होता. ट्यूबची जागा आज एका छोट्या ट्रान्झिस्टरने घेतली आहे. युक्ती तीच आहे.

आता सिग्नल नसेल तर काय? दोलनाला उगवायला काहीतरी लागतंच. आणि काहीतरी नेहमीच असतं. कोणत्याही विद्युतरोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत धडपडत असतात, त्यातून बारीकसा अनियमित व्होल्टेज निर्माण होतो. जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली याचं मापन आणि गणित मांडलं. केवळ तापमान निरपेक्ष शून्याच्या वर आहे म्हणून ही खरखर आहे, ती कुठल्याही कारागिरीने पुसता येत नाही. सुपर-रीजनरेटिव्ह रिसीव्हर मग हीच खरखर उचलतो आणि भरघोस वाढवतो.

त्यात भर घालणारी दुसरी गोष्ट मॉड्यूलच्या शेवटच्या टप्प्यात आहे. तिथे एलएम३५८ ही साधी, सर्वपरिचित ऑप-अँप आयसी बसवलेली असते. तिच्या एका अर्ध्या भागाचं काम निवाडा करण्याचं: आत्ताचा व्होल्टेज गेल्या काही क्षणांच्या सरासरीपेक्षा वर असेल तर ‘एक’, खाली असेल तर ‘शून्य’. ठरावीक उंबरठ्याऐवजी सरासरी वापरल्यामुळे लांबचा क्षीण सिग्नल आणि जवळचा दणदणीत सिग्नल दोन्ही वाचता येतात, हा मोठा फायदा. पण सिग्नलच नसेल तेव्हा सरासरी खरखरीच्या बरोबर मध्यावर येऊन बसते, आणि आउटपुट सतत वर-खाली होतं. म्हणजे आपल्याला पडद्यावर दिसणारी झुंबड हा या प्रामाणिक निवाड्याचाच परिणाम आहे.

जरा जास्त पैसे मोजले तर सुपरहेटरोडाइन जातीचे रिसीव्हर मिळतात. मूळ कल्पना पुन्हा आर्मस्ट्राँग यांचीच, १९१८ सालची. ते निवडक असतात, आजूबाजूच्या कंप्रतांना फारशी दाद देत नाहीत आणि लांबचं ऐकतात. ज्याला काम लवकर उरकायचं आहे त्याने तेच घ्यावेत. पण खरखर त्यांच्याही आउटपुटवर येतेच, आणि पुढे सांगितलेलं सगळं त्यांनाही लागू पडतं.

४३३ चा नेमका आकडा ४३३.९२ मेगाहर्ट्झ, आणि तो हवेतून पडलेला नाही. ४३३.९२ म्हणजे १३.५६ च्या बरोबर ३२ पट, आणि १३.५६ मेगाहर्ट्झ ही आपल्या ‘टॅप’ करायच्या बँक कार्डांची आणि मेट्रो कार्डांची कंप्रता. दोन्ही आकडे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांसाठी राखलेल्या पट्ट्यांच्या केंद्रस्थानी आहेत. युरोपात ४३३ चा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांनी भरून गेला आहे. अमेरिकेत त्याच कामासाठी बहुतकरून ३१५ मेगाहर्ट्झ वापरतात. भारतात ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या, घरातल्या वापराच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. त्यामुळे एका इमारतीत बिनतारी घंटा, गाड्यांची किल्ली, सोसायटीच्या गेटचा रिमोट असे सगळे एकाच गल्लीत बोलत असतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे ४३३ त्याच्या पोटात येतो. तारकाविश्वांकडून येणारा अतिक्षीण सिग्नल ऐकणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांना माणसाच्या या गलबल्याशी झगडावं लागतं. त्यांच्याकडे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत आणि आपल्याकडे एक तारेचा तुकडा. पण मुळातली अडचण एकाच घराण्यातली आहे.

तारेच्या तुकड्याबद्दल आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी गणितं एकीकडे आणि ही तार एकीकडे. या कंप्रतेची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, तिचा पाव भाग १७.३ सेंटिमीटर. एवढी तार रिसीव्हरच्या अँटेनाच्या छिद्रात डाखून सरळ उभी ठेवावी. पुष्कळ मॉड्यूल अँटेनाशिवायच विकली जातात, आणि तशीच वापरून लोक प्रोग्राममध्ये चुका शोधत बसतात. शिवाय स्वस्त मोबाइल चार्जरचा पुरवठा स्वतःच गोंगाट करतो. रिसीव्हरला शक्य तो बॅटरीवर किंवा चांगल्या रेग्युलेटरवर चालवावं आणि त्याच्या पुरवठ्याच्या दोन पिनांजवळ एक कपॅसिटर लावावा. दोन सुपर-रीजनरेटिव्ह रिसीव्हर शेजारी शेजारी ठेवू नयेत, कारण त्यांचे ऑसिलेटर एकमेकांना ऐकू जातात.

आता सेन्सर काय बोलतो ते पाहू. युरोपात वेगवेगळ्या नावांनी विकले जाणारे बरेच स्वस्त हवामान-सेन्सर एकाच पद्धतीने बोलतात. तिला ‘नेक्सस’ म्हणतात. ट्रान्समीटर फक्त दोन गोष्टी करतो: चालू होतो, बंद होतो. चालू असण्याचा काळ नेहमी सारखाच, सुमारे ५०० मायक्रोसेकंद. अर्थ भरलेला असतो तो पुढच्या शांततेत. शांतता १,००० मायक्रोसेकंद असेल तर बिट शून्य, २,००० असेल तर बिट एक. ४,००० मायक्रोसेकंदांची शांतता आली म्हणजे एक संदेश संपला. असे ३६ बिट, आणि तोच संदेश लागोपाठ १२ वेळा.

१६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या मापाने ५०० मायक्रोसेकंद म्हणजे ८,००० ठोके. वेळ हाताशी भरपूर आहे. इटलीतल्या इव्रेआ गावात २००५ साली जन्मलेल्या आर्दुइनोच्या बोर्डांवरचा एटीमेगा३२८पी आपण धरून चालू. त्याला सांगायचं की पिनवर कडा दिसली, म्हणजे शून्याचं एक झालं किंवा एकाचं शून्य झालं, की हातातलं काम थांबव, घड्याळ बघ, आकडा टिपून ठेव आणि कामाला लाग. याला इंटरप्ट म्हणतात. आर्दुइनोचं नेहमीचं मायक्रोसेकंदांचं घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालतं, तेवढी बारकाई इथे पुरून उरते. एक पथ्य मात्र पाळायचं: इंटरप्टमध्ये विचार करायचा नाही. तिथे फक्त आकडा एका छोट्या रांगेत टाकायचा. विचार मुख्य प्रोग्रामने सवडीने करायचा. खरखरीच्या कडा इतक्या दाट येतात की इंटरप्टमध्येच गणित मांडलं तर चिपला दुसरं काही सुचणार नाही.

या चिपमध्ये कडांची नोंद घेणारी एक खास सोय आहे, आणि तिच्यात ‘नॉइज कॅन्सलर’ नावाचं बटणही आहे. नाव वाचून हुरळून जायला होतं. ते करतं एवढंच: लागोपाठ चार ठोक्यांना पिन सारखी दिसली तरच कडा खरी मानतं. चार ठोके म्हणजे पाव मायक्रोसेकंद. आपल्या रिसीव्हरची खरखर दहा-वीस मायक्रोसेकंदांपासून शेकडो मायक्रोसेकंदांपर्यंतच्या पल्समध्ये येते. या गाळणीतून ती सगळी सुखेनैव आरपार जाते. ती गाळणी तारांवरच्या क्षणिक ठिणग्यांसाठी आहे. आपली गाळणी आपल्यालाच बांधावी लागते.

आणि ती बांधताना पहिला धडा असा मिळतो की पल्सची रुंदी भरवशाची नसते. सरासरीशी तुलना करणारा तो शेवटचा टप्पा आठवा. सिग्नल जोरदार असेल तर दोलन ओसरायला वेळ लागतो, आउटपुट उशिरा खाली येतं. ५०० चा पल्स ६०० किंवा ६५० चा दिसतो आणि पुढची १,००० ची शांतता तेवढीच आक्रसते. सिग्नल क्षीण असेल तर उलटं होतं. सेन्सर बाल्कनीतून स्वयंपाकघरात नेला की सगळी मापं बदलतात. जे लोक पल्स आणि शांतता वेगवेगळी मोजतात त्यांचा प्रोग्राम टेबलावर चालतो आणि शेजारच्या खोलीत बंद पडतो.

यावरचा उपाय फार सुंदर आहे. वर जाणारी कडा साधारण सारख्याच उशिराने येते, खाली येणारी लहरीप्रमाणे. मग खाली येणारी कडा मोजायचीच कशाला? एका चढत्या कडेपासून पुढच्या चढत्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं. पल्स फुगला तेवढीच शांतता आक्रसली, त्यामुळे बेरीज तशीच राहते. शून्यासाठी १,५००, एकासाठी २,५००, संदेशाच्या शेवटाला ४,५०० मायक्रोसेकंद. प्रोग्रामच्या ओळी कमी होतात आणि पल्ला वाढतो. असं एकाच बदलात दोन्ही साधणं या विषयात क्वचित घडतं.

दुसरी गाळणी बारीक काट्यांची. समजा कडांमधली अंतरं अशी आली: ५१० वर, ९०० खाली, ४० वर, १,०६० खाली. मधला ४० मायक्रोसेकंदांचा काटा खरा असणं शक्य नाही, कारण सेन्सरचा सर्वांत आखूड पल्सच ५०० चा आहे. तो काढायचा. पण नुसता काढला तर ९०० आणि १,०६० अशा दोन वेगळ्या शांतता मागे उरतात आणि दोन्ही ‘शून्य’ सारख्या दिसतात. काटा काढताना त्याच्या दोन्ही बाजू सांधायच्या असतात: ९०० अधिक ४० अधिक १,०६० म्हणजे बरोबर २,०००. तो एक ‘एक’ होता. आखूड पल्स टाकून देणारे प्रोग्राम पुष्कळ दिसतात. सांधणारे कमी दिसतात.

मग येतो सर्वांत मोलाचा निर्णय: कुठे ‘माहीत नाही’ म्हणायचं. १,५०० आणि २,५०० यांच्या मध्यावर, २,००० ला रेघ ओढायची, अलीकडे शून्य, पलीकडे एक, हा पहिला सुचणारा मार्ग. त्यात काय होतं ते पाहा. एका ‘एक’ च्या पोटात खोटा पल्स घुसला आणि २,५०० चे १,००० आणि १,५०० असे दोन तुकडे झाले. प्रोग्रामने दोन शून्यं वाचली. थोड्या वेळाने दोन शून्यांमधला खरा पल्स बुडाला, १,५०० आणि १,५०० जोडून ३,००० झाले. प्रोग्रामने एक ‘एक’ वाचला. पहिल्या चुकीने एक बिट वाढला, दुसरीने एक घटला, एकूण बिट पुन्हा ३६. संदेश आतून उद्ध्वस्त आहे आणि मोजणी बरोबर आहे. आता त्याऐवजी असं ठरवा की १,२०० ते १,८०० म्हणजे शून्य, २,२०० ते २,८०० म्हणजे एक, आणि बाकी काहीही आलं की आत्तापर्यंतचं सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात. १,००० दिसताक्षणी हा संदेश बाद होतो. काही हरकत नाही, त्याच्या आणखी ११ प्रती येणार आहेत.

एसटी स्टँडवरच्या कर्ण्याची घोषणा आपल्याला नीट ऐकू येत नाही, तरी आपल्या गावाचं नाव आलं की कान टवकारतात. गावाचं नाव कसं वाजतं हे आपल्याला माहीत असतं आणि बाकीचं आपण सोडून देतो. प्रोग्राम हेच करतो. त्याची सगळी अवस्था एका लहानशा चक्रात मावते: योग्य अंतर दिसलं की एक बिट आत सरकव आणि मोजणी वाढव, अयोग्य दिसलं की मोजणी शून्य कर, आणि ४,५०० च्या आसपासचं अंतर दिसलं तेव्हा मोजणी बरोबर ३६ असेल तर संदेश पुढे पाठव. छत्तीस बिट पाच बाइटमध्ये बसतात. खरखरीची साठवण करून नंतर चाळत बसण्याची गरज नाही. तेवढी जागा या चिपकडे नाहीच.

निव्वळ खरखरीतून योगायोगाने असा संदेश तयार होईल का? हिशेब करू. खरखरीचं कोणतंही अंतर आपल्या दोन खिडक्यांपैकी एकीत पडण्याची शक्यता निम्मी आहे असं धरू. प्रत्यक्षात ती कितीतरी कमी असते. लागोपाठ ३६ वेळा तसं घडण्याची शक्यता सुमारे ६,८७२ कोटींत एक. सेकंदाला ५,००० चढत्या कडा येत असतील, तरी असा योग साधारण पाच महिन्यांतून एकदा येईल. नेक्ससच्या संदेशात पाच बिट कायम ठरलेले आहेत. ते तपासले की हा काळ १४ वर्षांच्या जवळ जातो. ज्या झुंबडीने पहिल्या दिवशी घाबरवलं होतं, ती अशी पुरती नामोहरम होते.

आता एक संदेश हातात घेऊन वाचू:

१०१० ०११० १००० ०००१ ०००० १११० ११११ ००११ ११०१

पहिले आठ बिट सेन्सरचा ओळखक्रमांक, इथे १६६. पुढच्या चारांतला पहिला बिट एक म्हणजे बॅटरी ठीक, दुसरा नेहमी शून्य, उरलेले दोन चॅनल सांगतात; दोन्ही शून्य म्हणजे पहिला चॅनल. मग १२ बिट तापमान, दहाने गुणलेलं: ०००१ ०००० १११० म्हणजे २७०, म्हणजे २७.० अंश सेल्सिअस. नंतरचे चार बिट कायम ११११. शेवटचे आठ आर्द्रता, इथे ६१ टक्के. या संदेशात १८ शून्यं आणि १८ एक आहेत, तेव्हा तो पाठवायला ७२ मिलिसेकंद लागतात, शेवटाची खूण धरून ७६.५. बारा प्रती मिळून एका सेकंदाच्या थोडं आत सगळं आटोपतं, आणि सेन्सर पुन्हा झोपी जातो. पेन्सिल सेलवर तो महिनोन्महिने चालतो, याचं कारण हीच झोप.

तापमान शून्याखाली गेलं तर? १२ बिटांपैकी पहिला बिट तेव्हा एक होतो. ११११ ११०० १११० ही संख्या सरळ वाचली तर ४,०४६, म्हणजे ४०४.६ अंश. त्यातून ४,०९६ वजा करायचे; उरतात उणे ५०, म्हणजे उणे ५.० अंश. मुंबईच्या बाल्कनीत ही वजाबाकी कधी लागायची नाही. फ्रीजरमध्ये सेन्सर ठेवणाऱ्या आइसक्रीमवाल्याला मात्र पहिल्याच दिवशी लागेल.

या संदेशात बेरजेचा पडताळा नाही, ही या पद्धतीची मोठी उणीव. शेवटी एखादा बाइट असा असता की जो आधीच्या सगळ्यांवरून काढता येतो, तर काम सोपं होतं. तो नाही म्हणून बारा प्रतींचा उपयोग करायचा: एकसारख्या किमान दोन प्रती मिळाल्याशिवाय आकडा मान्य करायचा नाही. यात गमावतो किती? समजा सेन्सर लांब आहे आणि प्रत्येक प्रत धड पोहोचण्याची शक्यता अवघी ३० टक्के. तरी बारापैकी किमान दोन धड येण्याची शक्यता ९१ टक्के भरते. पहिली प्रत बहुधा वायाच जाते, कारण रिसीव्हरची सरासरी खरखरीवरून सिग्नलवर यायला थोडा वेळ घेते. मला विचाराल तर, एकच प्रत मिळाली म्हणून ती वापरण्याचा मोह नेहमी टाळावा. तापमान मिनिटभर उशिरा कळलं तर काही बिघडत नाही, चुकीचं कळलं तर बिघडतं.

दोन प्रतींच्या अटीतूनही निसटणारा एक पाहुणा आहे. ‘रुबिकसन’ नावाच्या सेन्सरांची चाल नेक्सससारखीच आहे: तेच ३६ बिट, त्याच वेळा, तोच ११११. पण ते फक्त तापमान पाठवतात, आणि नेक्ससमध्ये जिथे आर्द्रता असते तिथे त्यांचा पडताळ्याचा बाइट असतो. शेजाऱ्याकडे असा सेन्सर असेल तर आपल्या पडद्यावर एक नवा ओळखक्रमांक उगवतो. त्याचं तापमान शहाण्यासारखं असतं, आणि आर्द्रता कधी १९, कधी २१४, तापमान ०.१ अंशाने हललं की कुठल्या कुठे. खुल्या प्रोग्रामांपैकी ‘आरटीएल_४३३’ हा शेकडो प्रकारची उपकरणं ओळखणारा प्रोग्राम म्हणूनच संदेश नेक्ससचा मानण्याआधी तो रुबिकसनच्या पडताळ्यात बसतो का ते पाहतो. बसला तर तो रुबिकसनचा. दुसऱ्याची ओळख पटवून त्याला बाजूला काढणं, ही आपला संदेश शुद्ध ठेवायची एक चांगली रीत आहे.

दोन्ही टोकं आपल्या हातात असतील, म्हणजे ट्रान्समीटरही आपणच बनवणार असू, तर इतकी कसरत करायची गरज नाही. ऑस्ट्रेलियातले माइक मकॉली यांनी आर्दुइनोसाठी लिहिलेली ‘व्हर्च्युअलवायर’ ही प्रोग्रामांची लायब्ररी या कामाचा उत्तम नमुना आहे. तीच पुढे ‘रेडिओहेड’ मध्ये सामावली. रिसीव्हरचा निवाडा सरासरीवर चालतो हे ध्यानात ठेवून ती रचलेली आहे. लागोपाठ बरेच शून्य पाठवले तर सरासरी खाली घसरते आणि खरखर डोकं वर काढते. म्हणून चार बिटांचा प्रत्येक गट सहा बिटांच्या खुणेत बदलून पाठवला जातो, आणि प्रत्येक खुणेत तीन एक, तीन शून्य. सहा बिटांत अशा २० रचना होतात, लागतात फक्त १६. सरासरी कायम मध्यावर राहते. संदेशाआधी एक-शून्य-एक-शून्य असे ३६ बिट जातात, त्यांत रिसीव्हर स्थिरावतो. मग १२ बिटांची सुरुवातीची खूण, मग लांबी, मजकूर आणि शेवटी १६ बिटांचा पडताळा.

वाचण्याची तिची तऱ्हाही वेगळी आहे. ती कडांच्या मागे धावत नाही. प्रत्येक बिटाच्या काळात ठरावीक अंतराने आठ वेळा पिन बघते, आणि आठांपैकी पाच किंवा अधिक वेळा ‘एक’ दिसला तरच बिट एक मानते. एखाददुसरा काटा या मतदानात आपोआप हरतो. कडा दिसली की फक्त आपलं घड्याळ किंचित पुढे किंवा मागे सरकवते, म्हणजे ट्रान्समीटरच्या तालाशी ते जुळत जातं. एका खोट्या कडेने ताल बिघडत नाही, कारण धक्का लहान असतो. नेक्ससच्या सेन्सरला ही लायब्ररी उपयोगी नाही, पण तिचा सोर्स कोड वाचण्यासारखा आहे. एवढ्या कमी ओळींत इतका विचार क्वचित सापडतो.

हे तंत्र हाती आलं की सोसायटीच्या गेटचा रिमोटही वाचता येतो, आणि इथे सांभाळून राहायला हवं. साध्या रिमोटमध्ये ईव्ही१५२७ सारखी चिप असते: २० बिटांचा कायमचा क्रमांक आणि ४ बिट बटणाचे. क्रमांक दर वेळी तोच, तेव्हा एकदा टिपला की तसाच परत पाठवता येतो. गाड्यांच्या किल्ल्या दर दाबण्याला बदलणारा कोड वापरतात त्या याच कारणाने. दुसऱ्याचा रिमोट टिपणं गैर आहे. मात्र आपल्या सोसायटीचं गेट कायमच्या कोडवर चालतं की बदलत्या, हे मॅनेजिंग कमिटीला विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे आणि तो बजावावा.

आपल्या सेन्सरकडे परत येऊ, कारण शेवटची गाळणी अजून राहिली आहे. आर्द्रता १०० च्या वर असेल तर संदेश टाकून द्यावा. तापमान मागच्या नोंदीपेक्षा एका मिनिटात दहा अंशांनी बदललं असेल तर लगेच मानू नये. पुढच्या खेपेला तेच आलं तर मानावं, कारण सेन्सर खरोखरच फ्रीजरमध्ये ठेवला गेलेला असू शकतो. आणि ओळखक्रमांकावर आंधळा विश्वास ठेवू नये. या सेन्सरांची बॅटरी बदलली की क्रमांकही बदलतो. फक्त १६६ ऐकायचं असं प्रोग्राममध्ये कायमचं लिहून ठेवलं, तर नव्या सेलनिशी ठणठणीत झालेला सेन्सर आपल्या लेखी मेलेला ठरतो. बरं हे की प्रोग्रामला वाट पाहायला सांगावं: जुना क्रमांक काही तास ऐकू आला नाही, त्याच चॅनलवर एक नवा क्रमांक सलग ऐकू येतोय, आणि त्याचं तापमान जुन्याच्या शेवटच्या नोंदीशी जुळतंय, तर तोच आपला सेन्सर समजून नवा क्रमांक नोंदवून घ्यावा.